पास आणि पात्र : सीमाभागातील शालान्त परीक्षेचा इतिहास

वाचकहो, मूल दहावी पास झाले की आपल्याकडे पेढे वाटतात, आणि ते वाटायलाच हवेत. पण पास होणे आणि पुढच्या शिक्षणाला पात्र होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव पुष्कळ घरांत बारावीच्या उन्हाळ्यात होते. तोवर उशीर झालेला असतो. पास करते ते परीक्षा मंडळ. पात्र कोण हे ठरवते विद्यापीठ आणि त्याच्यामागचे सरकार. या दोघांच्या मागण्यांत अंतर असते. इतरत्र ते अंतर एखाद्या विषयापुरते असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात त्यात भाषा आणि राज्याची हद्दही मिसळलेली आहे.

हे अंतर केव्हा पडले, सीमेमुळे ते कसे रुंदावले आणि आज आपल्या घरातल्या आठवीतल्या मुलासाठी त्यातून काय घ्यायचे, हा या निबंधाचा विषय. मी होमिओपॅथ आहे. आमच्या शास्त्रात पुडी बांधण्याआधी रोग्याची हकीकत सविस्तर ऐकावी लागते. याही दुखण्याची हकीकत मुळापासून ऐकू.

विद्यापीठाची स्वतःची परीक्षा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या परीक्षेला मॅट्रिक्युलेशन म्हणत. अर्थ सरळ आहे, विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे. परीक्षा विद्यापीठच घेई आणि विषय तेच ठरवी, त्यामुळे पास झालेला मुलगा आपोआप पात्र असे. पास आणि पात्र हे दोन शब्द त्या काळी एकाच मुलाला लागू होत.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. बेळगावचा मराठी मुलगा, गोकाकचा कन्नड मुलगा आणि पुण्याचा मुलगा एकाच परीक्षेला बसत. भाषेचा वाद नव्हता असे मात्र समजू नका. मॅट्रिकचे माध्यम इंग्रजी, त्याच्या जोडीला संस्कृत किंवा फारसीसारखी अभिजात भाषा. मराठी आणि कन्नड या दोघींनाही वरच्या अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे. देशी भाषांना विद्यापीठाच्या वरच्या अभ्यासक्रमात पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. १९०१ च्या सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली, आणि त्याच वर्षी रानडे गेले.

सगळी शाळा विद्यापीठाच्या दाराकडे तोंड करून का उभी असावी, हा प्रश्न त्याही काळात विचारला गेला. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेचे दोन भाग सुचवले होते. एक विद्यापीठाकडे नेणारा, दुसरा व्यापार-व्यवहाराला उपयोगी पडणारा. दुसरा भाग कधी फारसा रुजला नाही. पालकांना मॅट्रिकच हवी होती, कारण नोकरीच्या जाहिरातीतही मॅट्रिकच मागत.

आमच्या जैन समाजाने हे गणित लवकर ओळखले. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. तिच्या धुरिणांपैकी अण्णासाहेब लठ्ठे यांनी बेळगावात वकिली केली, पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. या पिढीने आधी बोर्डिंगे काढली, कारण हायस्कुले शहरांत होती आणि मुले खेड्यांत. मॅट्रिकला लागणारा विषय गावातल्या शाळेत शिकवलाच जात नसेल, तर मुलाची बुद्धी कितीही असो, तो अपात्रच राहणार. पात्रतेच्या यादीत न छापलेला पहिला विषय म्हणजे शहरात राहण्या-जेवण्याची सोय. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी स्वतः मॅट्रिकचा टप्पा गाठला नाही. पण १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी हजारो मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली.

दुसरे उदाहरण सदलग्याचे. १९०६ साली तिथे जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये बेळगावच्या गिलगंची-अरटाळ हायस्कुलात शिकले, मुंबई विद्यापीठातून संस्कृत-प्राकृत घेऊन एम. ए. झाले आणि १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवू लागले. विद्यापीठाने अर्धमागधीला अभ्यासक्रमात जागा दिली होती, म्हणून उपाध्यांना ती शिकवण्याची नोकरी मिळाली. आणि ती शिकवणारा माणूस होता, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांनी पुढे पिढ्यानपिढ्या ती घेतली. विषयांच्या यादीतली एक ओळ काय करू शकते, हे यावरून दिसेल. हेच उपाध्ये १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमच्या भागातली पुष्कळ जैन घरे अशीच आहेत. चुलीपाशी कन्नड आणि चोपडीत मराठी. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कोणत्याही भाषेवरच्या रागाने लिहीत नाही, हे वाचक समजून घेतील.

१९४८ : दोन शब्द वेगळे झाले

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४८ साली कायदा करून शालान्त परीक्षेसाठी वेगळे मंडळ नेमले. विद्यापीठाची मॅट्रिक गेली आणि एस. एस. सी. आली. हेतू चांगला होता. प्रत्येक मुलाला कॉलेजात जायचे नसते, तर प्रत्येकाला विद्यापीठाच्या मापाने का मोजावे? म्हणून विषयांत निवड आली. बीजगणित-भूमिती नको असेल तर सोपे गणित घेता येई. इंग्रजी न घेताही एस. एस. सी. पास होता येई.

अंतर पडले ते इथे. मंडळ म्हणाले, तू पास आहेस. विद्यापीठ म्हणाले, इंग्रजी कुठे आहे? विज्ञान शाखा म्हणाली, बीजगणित-भूमिती कुठे आहे? आठवीत सोपा म्हणून निवडलेला विषय तीन वर्षांनी दार बंद करून बसला. यात मुलींचे नुकसान अधिक झाले, कारण ‘तिला कशाला हवे अवघड गणित’ हे वाक्य त्या काळी घराघरात होते. तुमच्या घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या मावशी-आत्यांना विचारा. शाळेत हुशार असून विज्ञानाला का गेल्या नाहीत, याचे उत्तर अनेकदा आठवीतल्या त्या एका निवडीत सापडेल.

याच सुमारास आपल्या डोक्यावरचे विद्यापीठही बदलले. पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ दोन्ही १९४९ च्या आसपासची. कर्नाटक विद्यापीठ लवकरच धारवाडला स्थिरावले. बेळगावात १९३३ चे लिंगराज कॉलेज होते, १९४५ चे राणी पार्वतीदेवी कॉलेज होते. ती धारवाडच्या कक्षेत आली. म्हणजे राज्य बदलायच्या आधीच विद्यापीठ बदलले होते.

१९५६ : हद्द आली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका त्यातून वेगळा होऊन मुंबई राज्यात राहिला. चंदगडचा शेतकरी आजही बाजाराला बेळगावात येतो. बाजार एक, सोयरीक एक, देव एक. पण दोघांच्या मुलांच्या शालान्त परीक्षा वेगळ्या झाल्या. पुढे महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ साली आला. त्याने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे असे सुचवले. अमलात काहीच आले नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून उभा आहे. दाव्यातली गावे ८६५. न्यायालयात तारखा पडत राहतात, पण मुलाची दहावी थांबत नाही.

निपाणीने यावर आपल्या परीने वाट काढली. गावाला लागून, हद्दीच्या पलीकडे कागल तालुक्यात अर्जुननगर आहे. तिथे १९६० साली देवचंद कॉलेज सुरू झाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. कॉलेज त्याला जोडले गेले. निपाणीच्या मुलाने सायकल काढावी, हद्द ओलांडावी आणि दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात शिकून दुपारी घरी जेवायला यावे, असे हे नाते. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या घरांतल्या मुलांना कोल्हापूरला खोली घेऊन राहणे परवडणारे नव्हते. त्यांना हे कॉलेज लाभले. गावातच कर्नाटकाच्या विद्यापीठाशी जोडलेले बागेवाडी कॉलेजही आहे. तेव्हा निपाणीकरांपुढे दहावीनंतर दोन राज्ये उघडी असतात. अशी सोय भारतात फार थोड्या गावांना असेल, आणि असा गोंधळही.

मधल्या काळात कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध देशभर आला. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक संपून १९७५ साली दहावीची परीक्षा आली. आपल्याकडे एस. एस. एल. सी. आणि तिच्यापुढे दोन वर्षांची पी. यु. सी. बेळगावात कॉलेजेही वाढली. १९६३ साली वैद्यकीय, १९७९ साली अभियांत्रिकी. १९९८ साली तर तंत्रशास्त्राचे अख्खे विश्वेश्वरय्या विद्यापीठ बेळगावात आले आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ. दार घरापाशी आले. दाराचा नियम मात्र बेंगळुरूत ठरतो आणि वैद्यकीयचा दिल्लीत.

पहिली भाषा कोणती

शालान्त परीक्षेत ‘पहिली भाषा’ हा रकाना असतो. कागदावर तो एक विषय आहे. सीमाभागात त्यासाठी माणसे मेली आहेत. गोकाक समितीचा अहवाल १९८१ सालचा. त्याला अनुसरून १९८२ साली कर्नाटक सरकारने हायस्कुलात कन्नड ही एकमेव पहिली भाषा ठरवणारा आदेश काढला. मराठी मुलाची मातृभाषा पहिल्या रकान्यातून खाली ढकलली जाणार होती आणि सर्वांत जास्त गुणांचा पेपर त्याला परक्या भाषेत द्यावा लागणार होता. जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध बेळगाव भागात सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. हिंडलग्याला दर १ जूनला आपण जमतो ते त्यांच्यासाठी. १९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अल्पसंख्याक भाषकांवर ही सक्ती चालणार नाही असा निर्णय दिला. पुढे निघालेल्या सुधारित आदेशांना सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मान्यता दिली. त्यांत पहिल्या भाषेच्या यादीत मराठी राहिली. २०१४ साली त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. आणि २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे टप्प्याटप्प्याने सर्व शाळांना बंधनकारक केले.

या सगळ्याची आजची बेरीज अशी. एस. एस. एल. सी. ला ६२५ गुण. पहिली भाषा १२५, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर गुणांचे. पहिली भाषा मराठी घेता येते. तिच्या जोडीला इंग्रजी आणि कन्नड. ज्या रकान्यासाठी नऊ जणांनी प्राण दिले तो आजही आपल्यासाठी उघडा आहे. आणि आपण काय करतो? मराठी घेतली तर पुढे अडेल, या भीतीने मूल बालवाडीपासून इंग्रजी शाळेत घालतो आणि मराठी शाळांचे वर्ग रिकामे करतो. इंग्रजी शाळेला माझा विरोध नाही. पण ‘पुढे अडेल’ ही भीती खरी आहे का, ते नियमाशी ताडून पाहिले पाहिजे.

आजचे नियम काय मागतात

पहिले, विषय. पी. यु. सी. ला दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय, एकूण ६०० गुण. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि आमच्या होमिओपॅथीसह आयुष शाखांना भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, आणि त्यावर नीट. अभियांत्रिकीला भौतिक आणि गणित चुकत नाही. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. जीवशास्त्राऐवजी संगणक घेणाऱ्याला डॉक्टरकीसाठी जीवशास्त्र नंतर जादा विषय म्हणून पास व्हावे लागते. कुठल्याही वाटेवर दहावीची पहिली भाषा इंग्रजी असावी अशी अट नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. विज्ञान शाखेत पी. यु. सी. ला इंग्रजीतून शिकावे लागते, ही अडचण खरी आहे. पण ती आठवीपासून इंग्रजीची चांगली तयारी करून सुटणारी आहे.

दुसरे, कुठे शिकलात. कर्नाटकात १९९४ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे. तिच्या मुख्य कलमानुसार पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास असावी. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण शाळेत शिकलेल्यांना, इतर अटींसह, १५ टक्के ग्रामीण राखीव जागा आहेत. पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना ५ टक्के. मराठी माध्यमाला तशी सवलत नाही, पण ग्रामीण सवलतीत माध्यम पाहत नाहीत. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात मराठी शाळेत दहा वर्षे शिकलेला मुलगा तिला पात्र असतो. त्याच मुलाला आठवीला बेळगाव शहरातल्या मोठ्या शाळेत आणले की दहा वर्षांची साखळी तुटते. दवाखान्यात जून महिन्यात पालक मुलांची सर्दी घेऊन येतात आणि बोलता बोलता शाळा बदलल्याचे सांगतात. ही साखळी तुटते हे ठाऊक असलेले पालक मला फार थोडे भेटले.

तिसरे, हद्दीपलीकडे. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. वैद्यकीयलाही मोजक्या जागा आहेत. यासाठी गाव सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. तसाच आरसा कर्नाटकाच्या नियमांतही आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज आणि केरळातल्या कासरगोड, होसदुर्ग, मंजेश्वर या तालुक्यांतल्या कन्नडभाषकांना तिकडे प्रवेशाचे वेगळे कलम आहे. दोन्ही राज्यांनी परक्या हद्दीतल्या आपल्या माणसांसाठी एकेक खिडकी ठेवली आहे. खिडकी लहान आहे, पण आहे.

आता हे तिन्ही एकत्र लावून पाहा. समजा, निपाणीच्या एका घरातले मूल सातवीपर्यंत निपाणीत शिकले. मग चांगली शाळा म्हणून त्याला आठवीपासून बारावीपर्यंत कोल्हापूरला मामाकडे ठेवले. कर्नाटकात त्याची सात वर्षे भरली, पण दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातली. त्या कलमात बसत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावी झाली, पण अधिवासाच्या दाखल्याला लागणारा पंधरा वर्षांचा रहिवास नाही. सीमाभागाच्या खिडकीला सीमाभागातली दहावी किंवा बारावी हवी, तीही नाही. मूल दोन्हीकडे पास आणि दोन्हीकडे लटकलेले. गंमत अशी की, अभियांत्रिकीच्या नियमात महाराष्ट्रातला जन्मही चालतो. पहिल्या बाळंतपणाला आई माहेरी इचलकरंजीला गेली होती, यावर एखाद्याचे दार उघडते. तेच मूल दहावीपर्यंत निपाणीत राहून बारावीला अर्जुननगरला गेले असते, तर दहावी कर्नाटकातली म्हणून कर्नाटकाचे कलमही जुळले असते आणि दहावी सीमाभागातली म्हणून महाराष्ट्राची खिडकीही. तीन वर्षांच्या फरकाने दोन राज्ये हातची जातात किंवा राहतात.

पास आणि पात्र यांतले अंतर फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात शाळा संपवायला राज्याच्या किमान अटीप्रमाणे दोन वर्षे गणित पुरते. त्याच राज्याचे सरकारी विद्यापीठ तीन वर्षे मागते आणि चौथे घ्या म्हणून सुचवते. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा दोन वर्षे शिकलेली हवी. अशा पंधरा वार्षिक अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठ छापून देते. तिथे शिकणारी आपली नातवंडे नववीत पाऊल टाकतानाच ती यादी समोर ठेवतात. आपल्याकडे नियम दोन राज्यांचे आणि एका केंद्राचे, तीन ठिकाणी विखुरलेले आणि पुष्कळसे इंग्रजी माहितीपुस्तिकांत; एकत्र यादी कोणीच देत नाही.

आपल्या हातात काय आहे

वाचकहो, तुम्ही या भागातली जुनी घरे. तुमच्या माळ्यावर आजोबांचे मुंबई विद्यापीठाचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र असेल, वडिलांची एस. एस. सी. असेल आणि नातवाची एस. एस. एल. सी. होईल. एका घरात तीन परीक्षा आणि दोन राज्ये. आजोबांना एकच यादी पाहावी लागे. नातवासाठी तीन पाहाव्या लागतील, आणि त्या मूल सातवीत असतानाच पाहाव्या लागतील. आठवीला शाळा बदलताना ग्रामीण साखळी मोडते का, दहावी कुठल्या राज्यातून होणार, बारावीला जीवशास्त्र आणि गणित यांतले काय सोडणार, हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे शोधा. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहा. शेजाऱ्याच्या मुलाचे दोन वर्षांपूर्वी काय झाले यावर विसंबू नका. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असतो. तिथे मराठी लिहिले आहे ना, हे आजच पाहून घ्या. खिडकीपाशी उभे राहिल्यावर तो एक शब्द लागतो.

आपल्या साहित्यसंस्थांना आणि वाचनालयांनाही एक विनंती. आपण दरवर्षी संमेलने भरवतो, व्याख्याने ठेवतो. पण मराठी वाचणारे मूल मराठी शाळेतून येते, आणि पालक ती शाळा सोडतात ते कॉलेजच्या भीतीने. दर मे महिन्यात तिन्ही ठिकाणचे नियम एका तक्त्यावर मराठीत लिहून वाचनालयाच्या दारात लावले, तर खर्च एका कागदाचा. मराठी पहिली भाषा घेऊन डॉक्टर, इंजिनियर, शेतकी पदवीधर होता येते, हे पालकांनी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. मग मूल कोणत्या शाळेत घालायचे ते त्यांनी ठरवावे.